समुद्राकाठी चार दिवस : वाचकांचे प्रश्न

कोकणच्या किनाऱ्यावर तंबूत राहून चार दिवस विसावा घेण्याविषयी इतकी पत्रे आली आहेत की या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रांचा मजकूर गरजेपुरता ठेवला असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी दोघेही नोकरी करतो. येत्या हिवाळ्यात चार दिवस समुद्राकाठी तंबूत राहून केवळ विश्रांती घ्यायची आहे. देवळे, किल्ले, खरेदी यांतले काहीही नको. अलिबाग, दापोली की तारकर्ली, हे ठरत नाही. पौर्णिमा साधून जावे, असे मित्र सांगतात. कोठे जावे आणि केव्हा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी ‘केव्हा’ ठरवू, कारण पुष्कळजण गाव नीट निवडतात आणि दिवस चुकवतात. तुमचे मित्र चांदण्याचा विचार करत आहेत, पाण्याचा नाही. समुद्राला दिवसाकाठी दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत जातात. किनाऱ्यावरची माणसे याचा हिशेब तोंडी करतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ निघते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. ही वेळ दिवसाला आणि रात्रीला, दोन्हींना ढोबळमानाने लागू असते आणि तिच्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. जागेप्रमाणे अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. पण मुक्काम आखायला एवढे पुरते आणि त्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेखेरीज काही लागत नाही.

हा हिशेब पौर्णिमेला लावून पाहा. भरती दुपारी बाराच्या आत संपलेली असते आणि तेव्हापासून सूर्यास्तापर्यंत पाणी सतत मागे जात असते. तेही उधाणाचे पाणी, म्हणजे पंधरवड्यातले सर्वांत जोराचे. मुक्कामाला आलेला माणूस सकाळी उशिरा उठतो, दुपारी पोटभर जेवतो, घटकाभर झोपतो आणि चार-साडेचारला पाण्यात उतरायला जातो. नेमक्या त्या वेळी समुद्र बाहेरच्या दिशेने ओढत असतो. याउलट शुक्ल नवमी ते द्वादशी या चार दिवसांत दुपारची ओहोटी पाऊण ते सव्वातीनच्या दरम्यान आटोपते आणि संध्याकाळी पाणी चढते असते. नवमीला तर भांगाची भरती असल्यामुळे पाण्याचा चढउतारही थोडा असतो. चंद्राचेही नुकसान होत नाही. सूर्य बुडताना तो वर आलेला असतो आणि मध्यरात्र उलटल्यावर मावळतो, म्हणजे पहाटे जाग आलीच तर काळेभोर आकाश आणि तारे मिळतात. पौर्णिमेला ही सोय नसते.

महिना नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत कोणताही चालेल. नाताळ ते नववर्ष हा आठवडा वगळा. मार्चनंतर हवेतला दमटपणा वाढत जातो आणि सकाळी आठनंतर तंबूत बसवत नाही. फाल्गुनात शिमग्याच्या पालख्या घरोघर फिरत असतात, तेव्हा खानावळ चालवणारे घरच पालखीच्या गडबडीत असते. तुम्हांला जेवण वेळेवर मिळाले नाही तर त्यांच्यावर रागावू नये.

आता गाव. अलिबागजवळच्या नागाव-रेवदंडा पट्ट्यात तंबूंची ठाणी पुष्कळ आहेत आणि मुंबईहून ती सोयीची आहेत, पण शनिवारी रात्री तेथे मोठ्या आवाजातले संगीत आणि शेगड्यांवरचे मांस हाच कार्यक्रम असतो. विश्रांती हवी असलेल्याने तेथे शनिवारी जाऊ नये. शिवाय मुंबई-अलिबागच्या बाजूला उधाणाच्या भरतीची उंची साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते, त्यामुळे ओहोटीला पाणी फार लांब जाते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत गाठता येतो तो यामुळेच. दक्षिणेकडे, मालवणच्या आसपास, हीच उंची दोन-अडीच मीटर असते, किनारा दिवसभर साधारण सारखाच दिसतो आणि वाळूही पांढरी. मात्र तारकर्ली-देवबागला पाण्यावरच्या खेळांची वर्दळ मोठी आहे. तिकडे जायचेच असेल तर कर्ली खाडीच्या दक्षिणेचे भोगवे गाठावे.

तुम्ही पुण्याचे असल्यामुळे आणि दिवस चारच असल्यामुळे मी दापोली तालुका सुचवीन : मुरूड-कर्दे, आणि अधिक शांतता हवी असेल तर कोळथरे. (हे मुरूड दापोलीचे, जंजिऱ्याचे नव्हे.) सोमवारी पोहोचून शुक्रवारी सकाळी निघा. तंबूची जागा ठरवताना छायाचित्रांवर न जाता फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या : तंबू सुरूच्या झाडांच्या सावलीत आहेत की उघड्या वाळूवर, संडास-न्हाणीघर किती तंबूंत मिळून एक आहे, आणि जनरेटर तंबूंपासून किती दूर लावतात. तिसऱ्या प्रश्नाला जो गोंधळतो त्याच्याकडे रात्रभर घरघर ऐकावी लागते. आणि एकदा उतरलात की गाव बदलू नका. ‘एवढे आलोच आहोत तर’ या चार शब्दांपायी विश्रांतीचे निम्मे दिवस गाडीत जातात.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे आहेत आणि आई ६८ वर्षांची, तिला गुडघेदुखी आहे. दोघांनाही समुद्राची फार आवड. त्यांना घेऊन तंबूत राहावे का? खाटा असलेले मोठे तंबू मिळतात, असे ऐकले आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मिळतात, तरीही नको. खाटेमुळे जमिनीवरून उठण्याचा त्रास वाचतो, पण रात्री दोनदा संडासाला जायचे तर विजेरी घेऊन, मऊ वाळूतून, तंबूंच्या ताणलेल्या दोऱ्या चुकवत जावे लागते, आणि वयस्कर माणसे पडतात ती अशाच वेळी. शिवाय समुद्राकाठच्या रात्री थंडीपेक्षा ओलाव्याने त्रास देतात. उशी-पांघरुणे पहाटेपर्यंत दमट होतात आणि दुखऱ्या सांध्यांना ते मानवत नाही.

त्याऐवजी त्यांच्यासाठी समुद्रालगतच्या वाडीत घरगुती निवासाची खोली घ्या. दापोली-गुहागरकडे नारळी-पोफळीच्या वाड्या थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत, गेलेल्या असतात. घराची पुढची बाजू रस्त्याला आणि मागचे दार समुद्राकडे. खोली तळमजल्यावरची आणि संडास खोलीला जोडून असलेली मागावी. दुपारी वाडीत शिंपणे चालू असते, पोफळीच्या बुंध्यांशी पाणी खेळत असते आणि पडवीत खुर्ची टाकून बसले की समुद्र दिसला नाही तरी ऐकू येत राहतो. आईवडिलांना याहून अधिक काही लागत नाही. तुम्हां तरुण मंडळींना हौस असेल तर त्याच वाडीच्या टोकाला यजमानांच्या परवानगीने तंबू ठोकावा, म्हणजे जेवायला सगळे एकत्र.

तिथीबाबत मात्र तुम्हांला पुण्याच्या वाचकांच्या अगदी उलट सल्ला द्यावा लागेल. दुखऱ्या गुडघ्यांना कोरड्या, मऊ वाळूत चालणे जड जाते. ओहोटीने मोकळी केलेली ओली वाळू घट्ट असते आणि तिच्यावर चालणे सोपे जाते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास असते, त्यामुळे दोन्ही वेळच्या फिरण्याला ती रुंद, टणक पुळण मिळते. पाण्यात उतरायचे नसल्यामुळे ओढीचा प्रश्न येत नाही. एक हलकी प्लास्टिकची खुर्ची बरोबर न्या. रेल्वेने खेडला उतरून पुढे गाडी करावी; घाटातून सहा तास गाडीत बसवून नेण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र आमचे तंबू घेऊन वेंगुर्ल्याच्या बाजूला जाणार आहोत. तंबूंच्या ठाण्याचे पैसे भरण्यापेक्षा कोणत्याही मोकळ्या किनाऱ्यावर तंबू लावला तर चालते का? वाळूत तंबू टिकतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मोकळा दिसणारा किनारा कोणाचाच नसतो असे नव्हे. वाळूच्या मागचे सुरूचे बन पुष्कळ ठिकाणी वनखात्याचे असते, त्यामागची वाडी कोणाच्या तरी मालकीची असते आणि पुढची पुळण गावाच्या रोजच्या वापरातली असते. होड्या तेथेच ओढतात, जाळी तेथेच वाळत घालतात. म्हणून पोहोचल्याबरोबर आधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा आणि नाही म्हटले तर वाद घालू नका. सोपा मार्ग असा की एखाद्या खानावळीत दोन्ही वेळच्या जेवणाचे ठरवावे आणि त्यांच्याच वाडीत जागा मागावी. पाणी, संडास आणि अडचणीला धावून येणारे माणूस, या तिन्ही गोष्टी त्यात येतात. चौघांचा खर्च ठाण्यापेक्षा कमीच होईल.

जागा निवडताना पाण्याकडे नव्हे, वाळूकडे पाहा. भरती जेथवर येते तेथे सुकलेले शेवाळ, शिंपले, काटक्या आणि हल्ली थर्माकोलचे तुकडे यांची एक रेघ पडलेली असते. तीही पुरेशी नाही, कारण ती कालच्या भरतीची असते आणि तुम्ही अमावास्येकडे सरकत असाल तर आजची भरती तिच्या पुढे येणार असते. तिच्याही वर मर्यादवेल दिसेल : आपट्यासारखी दुभंगलेली जाडसर पाने, जांभळी फुले आणि वाळूवर लांबच लांब पसरलेले वेल. ती जेथे घट्ट रुजली आहे तेथवर एरवीची उधाणे येत नाहीत, म्हणून तंबू तिच्या मागे लावावा. मात्र वेल उपटू नये, कारण वाळू तिनेच धरून ठेवलेली असते. नारळाखाली तंबू लावू नये, हे सांगायला नको. तरी दर वर्षी कोणीतरी लावतोच. सुरूखाली लावताना वर वाळकी फांदी लोंबत नाही ना ते पाहावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने उत्तर कोकणातली बने आणि वाड्या झोपवल्या, आणि त्यातून वाचलेल्या झाडांच्या सगळ्याच फांद्या भरवशाच्या नाहीत.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या कोरड्या वाळूत टिकत नाहीत. पहिल्या जोराच्या वाऱ्याला त्या वर येतात. त्यांच्याऐवजी जुन्या कापडी पिशव्या न्याव्यात. पिशवीत वाळू भरायची, तोंडाशी दोरी आवळायची आणि पिशवी हातभर खोल आडवी पुरून वरची वाळू पायाने दाबायची. चारही कोपऱ्यांना असे केले की तंबू हलत नाही. दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री उशिरा तो उलटून जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. भूगोलाच्या पुस्तकातले खारे आणि मतलई वारे ते हेच. म्हणून समोरासमोर जाळीची दोन दारे असलेला तंबू पूर्व-पश्चिम लावला तर दोन्ही वेळा हवा खेळती राहते. आकाश निरभ्र असले तरी वरचे आवरण काढून ठेवू नका, कारण हिवाळ्यात पहाटे पडणारे दव उघड्यावरच्या तंबूला पावसासारखे भिजवते. सुरूखाली ते पुष्कळ कमी पडते.

दोन सूचना अधिक गांभीर्याने. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या पट्ट्यात फुरसे (विषारी साप) सर्रास आढळते. ते लहान असते, मातकट रंगामुळे पाचोळ्यात दिसत नाही आणि पायाखाली आले तर झटकन चावते. अंधार पडल्यावर विजेरी आणि बूट यांशिवाय दहा पावलेही जाऊ नये, तंबूची चेन कायम बंद ठेवावी आणि सकाळी बूट झटकून घालावेत. दंश झालाच तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांतले काहीही न करता त्या माणसाला चालू न देता रुग्णालयात न्यावे. आपल्याकडचे सर्पविषावरचे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोठे आहे, हे पोहोचल्या दिवशीच विचारून ठेवा.

दुसरी सूचना आगीची. सुरूच्या वाळलेल्या काड्यांचा थर ठिणगीने पेटतो, म्हणून बनात शेकोटी पेटवायची नाही. उघड्या पुळणीवर गावाच्या संमतीने पेटवलीच तर ती वाळू लोटून विझवू नका. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात, वरून काही दिसत नाही आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या मुलाचा पाय त्यावर पडतो. दोन बादल्या पाणी ओता, काठीने ढवळा आणि पुन्हा ओता.

प्रश्न : आम्ही मराठवाड्यातले, मुलांनी समुद्र अजून पाहिलेला नाही. मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ८ वर्षांचा. बुडण्याच्या बातम्या वाचून नेण्याची भीती वाटते, पण न नेणेही बरोबर वाटत नाही. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : भीती अनाठायी नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, आणि तेव्हा पावसाळाही नव्हता, वादळही नव्हते. पण मुलांना जरूर न्या. नियम थोडे आहेत. ते पाळण्यात सवलत द्यायची नाही, एवढेच.

पाणी चढते असतानाच उतरायचे. तिथीचे गणित पहिल्या उत्तरात आले आहे, मुलांना ते शिकवा. मुलीच्या वयाला ते सहज जमेल आणि मग ‘अजून थोडा वेळ’ या हट्टाला तीच उत्तर देईल. खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे, आणि खडकांच्या कडेला, कोणत्याही वेळी उतरायचे नाही. ओहोटीला खाडीचे सगळे पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडत असते. सरळ किनाऱ्यावरसुद्धा कोठे कोठे परतीच्या पाण्याची वाट पडलेली असते. ती ओळखायची खूण फसवी आहे : दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात पाणी जरा गढूळ, पण शांत दिसते. नवखा माणूस नेमकी तीच जागा पोरांसाठी निवडतो. उतरण्यापूर्वी जवळच्या एखाद्या मच्छीमाराला किंवा चहाच्या टपरीवाल्याला विचारावे. बुडालेल्यांना बाहेर काढण्याची वेळ त्यांच्यावर येते, त्यामुळे ते हातचे राखून सांगत नाहीत. एखादा मोठा माणूस ओढीत सापडलाच तर त्याने किनाऱ्याकडे झगडू नये, तरंगत राहावे आणि किनाऱ्याला समांतर सरकून त्या पट्ट्याबाहेर पडावे.

मुले गुडघाभर पाण्यात आणि तुम्ही त्यांच्या समुद्राकडच्या बाजूला उभे, अशीच रचना ठेवा. मोबाइल तंबूत राहू द्या. हवा भरलेली रबरी चाके, गाद्या आणि बदके आणू नका; सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो आणि ही खेळणी त्याच्याबरोबर पाहता पाहता खोल पाण्यात जातात.

आता डंखांविषयी. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट (एक चपटा मासा) दडून बसलेली असते. पाय तिच्यावर पडला तर ती शेपटीचा काटा मारते. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या कित्येकांना असे काटे लागले होते. पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालले की पाकटीला चाहूल लागते आणि ती निघून जाते. मुलांना हा खेळ वाटतो. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा आणि मग डॉक्टरांकडे न्यावे. पाण्याचा गरमपणा आधी स्वतःच्या हाताने पाहावा, कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचे कळत नाही. जेलीफिश चिकटली तर ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी. नळाचे गोडे पाणी किंवा चोळणे यांमुळे उरलेल्या डंखपेशी फुटतात आणि आग वाढते. वाळूवर मरून पडलेली जेलीफिशसुद्धा डंख करू शकते, हे मुलांना आधीच सांगा, कारण ती हाताळण्याचा मोह त्यांनाच होतो.

प्रश्न : गेल्या वर्षी समुद्राकाठी राहिलो, पण दुसऱ्या दिवशी दुपारपासून काय करावे ते सुचेना आणि शेवटी एक दिवस आधीच परतलो. मोबाइलला रेंजही नव्हती. दोष जागेचा की आमचा? (एक वाचक, लातूर)

उत्तर : दोष बहुधा वेळापत्रकाचा. शहरातला दिवस जसाच्या तसा किनाऱ्यावर नेला, म्हणजे उशिरा उठणे आणि भर दुपारी काहीतरी करायला बाहेर पडणे, तर तेथे खरोखरच काही सापडत नाही. दहा ते चार उन्हामुळे किनारा बसण्यालायक नसतो. ती वेळ जेवून झोपण्याची. कोकणातली घरेही तेच करतात. जे पाहण्यासारखे असते ते सकाळी आठच्या आत आणि सूर्यास्तानंतर.

मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलात तर सकाळी रापण कोठे लागणार आहे, ते आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. होडी किनाऱ्यापासून निघून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात सोडत पुन्हा किनाऱ्याला येते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा ते ओढू लागतात. हे काम बराच वेळ चालते, आणि बघ्यांपैकी कोणी दोराला हात लावला तर सहसा कोणी नको म्हणत नाही. रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात, पाणी चमकू लागते, वर घारी आणि कुरव पक्ष्यांची गर्दी होते आणि शेवटी जाळ्याची पोटली वाळूवर येते : तारली, बांगडे, मांदेली, एखादी पाकट, कधी समुद्रसाप, कधी नुसतीच जेलीफिश. साप निघाला तर तो विषारी समजून लांब उभे राहावे. मग तेथेच वाटे पडतात. दोर ओढणाऱ्या पाहुण्याच्या हातावरही कोणी चार बांगडे ठेवते. ते खानावळीत नेऊन दिले की दुपारी ताटात येतात. तीच खानावळ सकाळी घावणे देते. मासे न खाणाऱ्यांनी मात्र आदल्या रात्रीच तसे सांगून ठेवावे.

रेंजबद्दल एवढेच सांगेन की कार्यालयाला आणि घरी आधी कळवून ठेवा आणि खानावळीचा दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवा.

प्रश्न : आमचे गाव दापोली तालुक्यात समुद्राला लागून आहे. तंबूवाल्या पाहुण्यांमुळे चार पैसे येतात हे खरे, पण रात्रभर दिवे, वाळूवर गाड्या, फुटलेल्या बाटल्या यांनी आम्ही त्रासलो आहोत. आपल्या वाचकांना चार शब्द सांगावेत. आणि तक्रार करायची तर कोणाकडे, तेही कळवावे. (एक ग्रामस्थ)

उत्तर : बाटल्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. वाळूतली काच दिसत नाही आणि रापण असो वा होडी, तुमच्याकडची माणसे अनवाणी वावरतात. काचेची बाटली पुळणीवर न्यायचीच नाही. दिवे आणि गाड्या यांचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण पाहुण्यांना त्यातला अपाय कळतच नाही.

वेळास, आंजर्ले, केळशी यांसारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वर येतात, भरतीरेषेच्या पलीकडे खड्डा करतात आणि एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालून परत जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला ही घरटी राखण्याचे काम सुरू केले आणि पुढे गावे त्यात उतरली. आज फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक मुद्दाम तेथे मुक्कामाला येतात. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात. बाहेर आलेले पिल्लू ज्या बाजूला उजेड अधिक त्या बाजूला धावते. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते, पण पाठीमागे तंबूंवर दिव्यांच्या माळा आणि झोत लावलेले असले की पिल्ले उलटी फिरतात आणि सकाळी कावळे-कुत्र्यांच्या तोंडी जातात. अंडी घालायला आलेली मादीही उजेड आणि माणसांची हालचाल पाहून तशीच मागे फिरते. गाडीच्या चाकांखाली घरट्यावरची वाळू दाबली जाते आणि चाकोऱ्या एवढ्या खोल पडतात की तळहातावर मावणारे पिल्लू त्यांतून वर चढू शकत नाही.

तेव्हा पाहुण्यांनी या महिन्यांत रात्री नऊनंतर पुळणीवर विजेरी लागल्यास ती खाली पायाशी धरावी, मादी दिसल्यास दूर थांबून दिवा विझवावा, फ्लॅश वापरू नये आणि गाडी गावात ठेवावी. पण दिवे लावणारा आणि गाडी वाळूवर उतरू देणारा पुष्कळदा गावातलाच तंबूमालक असतो, हेही तुम्हांला ठाऊक आहे. पाहुणा चार दिवसांनी जातो; मालकाला ग्रामसभेत विचारता येते. समुद्राच्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवण्याची आणि पुळणीकडे जाणाऱ्या वाटेवर गाड्यांना अडसर घालण्याची अट ग्रामपंचायतीने तंबूंना जागा देतानाच घालावी. घरट्यांना किंवा कासवांना उपद्रव होत असेल तर वनविभागाच्या १९२६ या मदतक्रमांकावर कळवावे. रात्रीचा दंगा, दारू किंवा पुळणीवर भरधाव गाडी असेल तर ११२ वर. कळवताना किनाऱ्याच्या नावाबरोबर जवळची ठळक खूण सांगा, म्हणजे बाहेरगावाहून येणाऱ्या पथकाचा अंधारात शोधण्यात वेळ जाणार नाही.